मिलिंदच्या तीन बाटल्या

सीमा,

मिलिंदने मागच्या खेपेला कॅनडाहून आणलेल्या राय व्हिस्कीच्या तिन्ही बाटल्या काल दुपारी मी एकट्यानेच उघडल्या. कोणती सरस, ते आम्ही दोघं भाऊ मिळून ठरवणार होतो. पहिली मिऱ्यासारखी तिखट लागली, दुसरी गोडसर. तिसरीला करपलेल्या भाकरीचा वास होता. ती तोंडाला लावली आणि मागून तो स्पष्ट बोलला, "दादा, पाणी घालू नको."

मी वळून पाहिलं नाही.

आई दर वेळी विचारते, मिलिंद शेवटचं काय बोलला. मी काहीबाही रचून सांगत आलो. ज्या अपघातात तो गेला, त्या दिवशी त्याचे दोन फोन आले होते, मी उचलले नाहीत.

तेच सांगायला मिरजगावला आईकडे निघालोय. तिने घरात घेतलं तर आज तिथंच राहीन.

महेंद्र