टाकी उतरवणारा माणूस

शनिवार, १ जून

निदान झालं. पंप गेला. चावी फिरवली की मागून 'गुंई' असा बारीक आवाज यायचा, तो बंद. म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतच नाही. सत्त्याऐंशी सालची स्पोर्ट्स कार आहे, एवढं व्हायचंच. नवा पंप आणि त्याच्या तोंडाची गाळणीची जाळी, दोन्ही मागवलं. जुनी जाळी ठेवून नुसता पंप बदलणारे लोक असतात. मी त्यातला नाही.

पुढच्या शनिवारी व्हर्नला फिरवून आणायचं. नक्की. ही गाडी आम्ही दोघा भावांनी मिळून घेतली होती. एप्रिलमध्ये कंबरेचं हाड मोडून तो केअर होममध्ये गेला, तेव्हा फोनवर मीच म्हणालो की या उन्हाळ्यात छत काढून तळ्याच्या रस्त्याने एक फेरी मारू. पुढच्या उन्हाळ्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत.

ग्लेन्डाचं म्हणणं, तोवर नुसतं जाऊन भेटून ये की. बायकोला हे समजवणं अवघड आहे. रिकाम्या हाताने काय जायचं?

सोमवार, ३ जून

शेजारचा डेलबर्ट कुंपणावर रेलून सल्ला द्यायला हजर. पंप टाकीच्या आत, टाकी मागच्या एक्सलच्या वर अडकवलेली. रीतसर काम करायचं तर सायलेन्सर, एक्सल, सगळं खाली घ्यावं लागतं. म्हणून निम्मे लोक आळशीपणा करतात. डिकीतला गालिचा उचलतात, खालचा पत्रा कापतात आणि वरून पंप ओढून काढतात. डेलबर्ट म्हणे, अरे बाबा मर्ल, काप की पत्रा, दुपारच्या जेवणाआधी मोकळा होशील, या वयात कशाला गाडीखाली लोळतोस.

मी शांतपणे सांगितलं की जगात दोन प्रकारची माणसं असतात, टाकी उतरवणारी आणि भोक पाडणारी. तो म्हणाला, तिसरीही असतात, ज्यांची गाडी चालते. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

गुरुवार, ६ जून

सामान आलं. इंटरनेटवर वाचलं की पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहिला तर गार राहतो आणि टिकतो. म्हणून टाकी आधीच काठोकाठ भरून ठेवली. गाडी बंद, त्यामुळे डबे घेऊन खेपा घातल्या. पंपासाठी पंपावर. तयारी असावी तर अशी.

शनिवार, ८ जून

भरलेली टाकी जड असते.

हे कुठेही लिहिलेलं नाही. एक पट्टा सोडला, दुसरा निम्मा सोडला आणि टाकी तिरपी होऊन माझ्या छातीच्या वीतभर वर थांबली. मी हाक मारली. ग्लेन्डा घरात नव्हती, व्हर्नकडे गेली होती. शेवटी डेलबर्टने जॅक सरकवला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मग नळी लावून पेट्रोल काढायला घेतलं. पहिला घोट मीच प्यायलो. जेवण बेचव.

ग्लेन्डा आल्यावर म्हणाली की व्हर्न विचारत होता, मर्ल कुठाय? तिने सांगितलं, टाकीखाली. तो हसला म्हणे. त्याला कळतं गाडीतलं. ती त्याच्या पायाबद्दल आणखी काहीतरी सांगत होती, पण माझ्या डोळ्यात गंज गेला होता. म्हटलं, नंतर सांग.

बुधवार, १२ जून

एक्सलच्या बोल्टचं डोकंच तुटलं. पाठ धरली आहे. टाकी पुन्हा वर बांधून टाकली.

शांतपणे विचार केला. लोक ज्याला भोक म्हणतात ते खरं तर भोक नसतंच. नीट मापून कापलं, वर झाकण बसवलं, तर ती झडप होते. विमानाला झडपा असतात. त्यांना कोणी आळशी म्हणत नाही. हा निर्णय माझा आहे, डेलबर्टचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

आजच गाडीखाली उताणा पडून पंपाची जागा टेपने मापली. उजव्या चाकापासून किती, बंपरपासून किती, सगळं मनगटावर पेनाने लिहिलं. अंघोळ आता शनिवारनंतर.

शनिवार, १५ जून

ठिणगी नको म्हणून पत्र्याची कात्री वापरली. डेलबर्ट रस्त्यापलीकडे आग विझवायची नळकांडी घेऊन उभा. चौकोन सुंदर कापला गेला. पत्रा उचलला. खाली टाकीची सपाट, कोरी पाठ. पंप नाही.

मापताना गाडीच्या पुढच्या बाजूला डोकं करून उताणा पडलो होतो. खालचं उजवं ते वरचं डावं निघालं.

डेलबर्ट आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, ही खिडकी छान आहे, आता दार कुठे करतोस?

दुसरं भोक पाडलं. झडप. पंप निघाला. जुनी जाळी चहाच्या चोथ्यासारखी काळी. नवा पंप, नवी जाळी, सगळं बसवलं. चावी फिरवली. गुंई. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

फेरी मारली. पहिल्या डाव्या वळणावर गाडी खोकली आणि बंद पडली.

रविवार, १६ जून

सरळ जाताना ठीक. उजवीकडे ठीक. डावीकडे वळली की मरते. जाळी उलटी बसली असणार. टाकीत आता तळाशीच पेट्रोल आहे, ते वळणावर एका बाजूला पळतं आणि जाळीचं तोंड दुसरीकडे.

केअर होमपर्यंत बरीच डावी वळणं आहेत. नकाशा घेऊन बसलो आणि नुसत्या उजव्या वळणांचा रस्ता काढला. जरा लांबचा आहे. शेजारच्या जिल्ह्यातून जातो. ग्लेन्डाने नकाशा बघितला, घडी घातली आणि म्हणाली, चल ना मर्ल, माझ्या गाडीतून, आत्ता. मी म्हटलं, हात बघ माझे, असे घेऊन जाऊ?

मंगळवार, १८ जून

व्हर्न फारसा बोलत नाही म्हणे. ग्लेन्डा त्याच्याकडून आल्या आल्या सिंकपाशी पाठ करून उभी राहिली. नळ सोडला होता, पण भांडी नव्हती.

हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय ना? मग माझ्याकडे असं का बघायचं?

मला भीती वाटते, दुसरं काय. त्या खोलीत खुर्ची ओढून त्याच्याशी काय बोलायचं? आम्ही दोघं जन्मभर या गाडीबद्दलच बोललो. गाडी असली की बोलता येतं.

उद्या जाळी सरळ करतो.

गुरुवार, २० जून

केली. वरून हात घालून, कॉफी निवायच्या आत. झडपेचा केवढा फायदा. डेलबर्टला सांगायची गरज नाही. डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे वळते. भोकांवर गालिचा पसरला.

शनिवार, २२ जून

गाडी धुतली, छत काढलं, तळ्याकडे फिरायला जावं अशी हवा पडली होती. केअर होमच्या दारात थांबलो. ग्लेन्डा तिच्या गाडीने आधीच पोचली होती. नर्सने व्हर्नला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. अर्धा झालाय. मी दार उघडून उभा राहिलो.

कोणीच हललं नाही. मग नर्स हळूच म्हणाली की हे एवढं खाली बसू शकत नाहीत, कंबर वाकतच नाही त्यांची. कधीपासून, मी विचारलं. एप्रिलपासून, ती म्हणाली. आणि मला विचारलं, तुम्ही त्यांचे कोण?

ग्लेन्डा म्हणाली, तुला किती वेळा सांगायला गेले.

व्हर्न गाडीकडे बघत होता. म्हणाला, अरे मर्ल, एवढी बुटकी गाडी आपण घेतलीच कशाला? मग म्हणाला, चालू तर कर. मी चालू केली. तो ऐकत बसला. आता काहीतरी बोलावं असं वाटलं. म्हटलं, जाळीही नवी घातलीय. बरं केलंस, म्हणाला.

त्यांच्याकडे खुर्ची उचलून घेणारी व्हॅन आहे. तिच्यातून त्याला तळ्याच्या रस्त्याने नेलं, ग्लेन्डा त्याच्या शेजारी बसली. व्हॅन पुढे, मी मागे एकटा, दुसऱ्या गिअरमध्ये. मागच्या काचेतून त्याचं डोकं दिसत होतं. मी दिव्यांची उघडझाप केली, हॉर्न वाजवला, हात केला. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. रागावला असेल, मला वाटलं.

मान वळत नाही त्याची, ग्लेन्डाने घरी आल्यावर सांगितलं. हेही मला माहीत नव्हतं.