वरचा सूर माझा आहे

१२ मार्च, मंगळवार

किळस आली! दुसरा शब्दच नाही. बाईंचा लाइव्ह अल्बम आज बाहेर पडला आणि सकाळपासून जो तो त्या एका सुरावर जीव ओवाळून टाकतोय. शेवटच्या गाण्यातला, वरचा, लांबलचक. ‘सत्तरीत असा सूर!’ ‘अंगावर काटा आला!’ ‘रॉकची खरी राणी!’ नवरा चहा भुरकत एकेक वाचून दाखवत होता. म्हणे, “अगं बघ, तुझ्या बाईंचं काय कौतुक चाललंय!”

तो सूर बाईंचा नाही. माझा आहे.

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून बाई तो लावतच नाहीत. मान मागे टाकतात, तोंड उघडतात, माइक हळूच लांब धरतात — आणि मागे ड्रमच्या आडोशाला, अंधारात, डोळे मिटून मी गाते. मी त्यांची कोरसवाली. अर्धं आयुष्य त्यांच्या पाठीमागे उभी राहून आवाज इतका त्यांच्यासारखा झालाय की फोनवर त्यांची सख्खी बहीण फसते. बँडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. बाहेर कुणाला नाही. नवऱ्यालाही नाही.

१३ मार्च, बुधवार

अल्बम हेडफोन लावून ऐकला. चांगला झालाय. तेच तर डोक्यात जातं! सुरुवातीलाच बाई पब्लिकला दम देतात, “बसून घ्या रे, गुडघे माझे दुखतायत, तुमचे नाहीत!” — ते ठेवलंय. दुसऱ्या गाण्यात खोकतात, तेही ठेवलंय. आवाज जागोजागी खरवडलेला आहे, पण शब्द असे फेकतात की ऐकणाऱ्याच्या कानाखाली बसावेत.

आणि मग तो सूर. किंचित उशिरा येतो. मधेच घासतो, आता फाटणार असं वाटतं — आणि फाटत नाही, उलट उघडत जातो. ती खरखर माझीच. मी ओळखणार नाही तर कोण? कार्यक्रमाच्या रात्री, रेकॉर्डिंग चालू असताना, मला एवढं काही जाणवलं नव्हतं. स्टेजवर कानातल्या स्पीकरमध्ये मला फक्त मीच ऐकू येते, बाहेर काय पोचतंय ते साउंडवाल्यालाच ठाऊक. पण असा सूर मी जन्मात लावला नव्हता. लावला तेव्हा नाव मात्र बाईंचं!

१४ मार्च

दिवसभर जेवले नाही.

१७ मार्च, रविवार

कंपनीनं अल्बमची पार्टी दिली. शिसारी यावी असा प्रकार. एक जाडजूड गृहस्थ ओठाला केकचं क्रीम फासून रडत होते — तो सूर आठवून! बाई आतल्या खोलीत गुळण्या करत होत्या. पाणी ग्लासातच थुंकल्या आणि ग्लास माझ्या हातात दिला. “आलीस? बस.” बस! ओला रुमालही दिला वर. इतकी वर्षं हेच करत आले, आज पहिल्यांदा हात धुवावेसे वाटले. धुतले. दोनदा.

मग बाहेर, सगळ्यांसमोर, कुणीतरी विचारलं, या वयात तो सूर कसा लावलात? मी बाईंकडे टक लावून पाहत होते. म्हटलं, निदान आता तरी मागे वळून माझ्याकडे बघतील. तर हसल्या आणि म्हणाल्या, “वय झालं ना, की घाबरायला काही उरत नाही.”

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आणि टाळ्या काय त्या!

१८ मार्च, सोमवार

नवऱ्याला सांगून टाकलं. आधी विश्वासच बसेना. स्वयंपाकघरात तो सूर लावून दाखवला, खाली लागला थोडा, पण त्याचं तोंड उघडंच राहिलं. नणंद आलेली होती. ती तर पेटलीच. “वहिनी, गप्प राहिलात म्हणून तर तिनं डोक्यावर मिरे वाटले! बोला आता. नाहीतर जाल तशाच, अंधारात उभ्या राहून.”

ते शेवटचं झोंबलं. पन्नाशी आली. माझ्या नावावर एक ओळ नाही.

२१ मार्च, गुरुवार

पेपरमधल्या बातमीदारणीला भेटले. पोरगी हुशार आहे, फार विचारत नाही, नुसती बघत राहते. सगळं सांगितलं — माइक लांब धरणं, ड्रमचा आडोसा, अंधार. “या अल्बममधला सूरही तुमचाच? नक्की?” म्हटलं, आई आपलं पोर ओळखते की नाही? ते वाक्य तिनं लगेच लिहून घेतलं.

२४ मार्च, रविवार

आलं छापून! माझ्या फोटोसकट. सकाळपासून फोन थांबत नाही. नवरा सगळ्यांशी माझ्यावतीनं बोलतोय, जणू गातो तोच.

टकल्याचा, म्हणजे आमच्या ड्रमरचा, फोन आला. “खाल्ल्या घरचे वासे मोजलेस.” एवढंच म्हणाला आणि ठेवला. मोजले तर मोजले! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

बाईंचा फोन नाही.

२५ मार्च, सोमवार

रेडिओवर बाईंना विचारलंच. मी पंखा बंद करून ऐकत होते, एक शब्द चुकायला नको म्हणून. वाटलं, आता कांगावा करतील, वकिलाचं नाव घेतील. तर आधी खोकल्या. मग म्हणाल्या, “ती म्हणते ते खरं आहे. कितीतरी वर्षं माझ्यासाठी तो सूर ती लावत आली. तिचाच आहे तो. तिला बोलवा आता, मला नको.”

जिंकले! नणंदेनं पुष्पगुच्छ आणला. कंपनीतूनही फोन — माझं नाव घालणार म्हणे.

पण बाईंचा चीड आणणारा मोठेपणा! रंगेहाथ सापडल्यावरही कसं दानशूर व्हायचं, ते यांच्याकडून शिकावं. शी!

२७ मार्च, बुधवार

साउंडवाल्यानं स्टुडिओत बोलावलं. बसा म्हणाला नाही. आधी त्या रात्रीचा माझ्या माइकचा ट्रॅक एकटा लावला. सूर वेळेवर, स्वच्छ, गुळगुळीत. खरखर कुठेच नाही. मग बाईंचा एकटा लावला. उशिरा आला, घासला, उघडत गेला.

“त्या रात्री बाहेर तुमचा माइक बंद होता, ताई. बाईंनीच करायला लावला. म्हणाल्या, एकदा माझा मी लावून बघते, फाटला तर फाटला. अल्बममध्येही तुमचा घेतलेला नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या, परवा रेडिओनंतरही म्हणाल्या. पण मला तुमची किळस आली, म्हणून सांगितलं.”

मी म्हटलं, परत लाव. बाईंचा.

त्यानं लावला. देवा, काय गायल्यात बाई!