बाबांसाठी रासबेरी

थ्यूबोरॉन बंदर,
रविवार, १२ फेब्रुवारी २०२३, सकाळी साडेसहा

ती. रॅगनहिल आत्यास,
एस्किलचा सा. न. वि. वि.

काचेच्या छोट्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून फडक्यावर उलट्या घातल्या आणि लगेच लिहायला बसलो. कारण बाबा.

त्यांची सिगरेट २०२१ च्या मे महिन्यात सुटली ती ई-सिगरेटच्या रासबेरी चवीच्या वाफेवर, हे तुला ठाऊक आहेच. आता दुकानात फळांच्या चवी विकायला बंदी आहे. साठवलेली शेवटची बाटली संपत आली. तंबाखूच्या चवीचं मिळतं, पण ते ओढलं की खरी सिगरेटच आठवते असं ते म्हणतात. काल धक्क्यावर त्यांच्या बोटीवरच्या येप्पेने सिगरेटचं पाकीट पुढे केलं. बाबांनी एक काढली, बोटांत फिरवली आणि परत दिली. पुढच्या वेळी परत देतील याची मला खात्री नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा खोकला ऐकून स्पष्ट सांगितलंय की आता सिगरेट पुन्हा धरलीत तर बोटीवरचं काम विसरा.

म्हणून मी घरीच मिसळणार आहे. बिनचवीचं द्रव दुकानात मिळतं, फक्त चव हवी. तू साखरेच्या गोळ्यांच्या पाकात घालतेस ते अर्क थोडे पाठवशील का?

माया आहे तशीच असू दे.
तुझा एस्किल

मारस्टाल, एरो बेट,
१७ फेब्रुवारी

चि. एस्किल यास अनेक आशीर्वाद.

शाळा अर्ध्यावर सोडलीस, पण पत्रात एक वेलांटी चुकत नाही. एवढी काळजी अभ्यासाची केली असतीस तर आज मास्तर असतास, आणि मुलं तुला मुळीच घाबरली नसती.

सोबत तीन बाटल्या आहेत: रासबेरी, बडीशेप आणि लोणी-कॅरमेल. तिसरी तुझ्या बाबासाठी, टोर्वालसाठी, मुद्दाम घातली. लहानपणी आई कढई खरवडायला द्यायची तेव्हा हा माझ्या हातातला चमचा ओढून घ्यायचा. विचारत बसू नकोस, हे अर्क मी तीस वर्षं पोरांच्या तोंडात घालतेय. पोराला चालतं ते माझ्या दांडग्या भावाला का चालू नये?

इथे सगळं ठीक. खोकला आहे, पण तो आमच्या धंद्याचा. साखर घशात बसते.

मायेची आत्या

थ्यूबोरॉन,
२२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाटल्या पोचल्या. रागावू नकोस, पण त्यातली एकही मी अजून वापरलेली नाही.

बडीशेपेचा थेंब पाण्यात टाकला तर तो मटणाच्या रश्श्यावरच्या तवंगासारखा वर तरंगला. म्हणजे ते तेल आहे. तेल पोटात पचतं, फुफ्फुसात गेलं तर तिथेच बसतं आणि माणूस आजारी पडतो. कॅरमेलचं त्याहून वाईट. लोण्याची चव आणायला त्यात डायअ‍ॅसिटिल नावाचं द्रव्य घालतात. खाल्लं तर काही नाही, पण मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यात त्याची वाफ छातीत जाऊन कामगारांची फुफ्फुसं कायमची बिघडली. तुझ्या बाटलीत ते आहे का, हे वेष्टनावर लिहिलेलं नाही.

पण बाबांनी ती बाटली हुंगली आणि आता त्यांना तीच हवी. म्हणाले, माझी सख्खी बहीण मला विष पाठवेल का? मी बाटली लपवली, तर मला कस्टमवाला म्हणाले आणि टोपी घालून येप्पेकडे निघून गेले. परतले तेव्हा कोटाला धुराचा वास होता. येप्पेचाच धूर, असं म्हणतात. मी विश्वास ठेवायचं ठरवलंय.

अर्क बनवणाऱ्यांना फोन करून दोन गोष्टी विचार: प्रत्येक अर्क कशात विरघळवलाय, आणि लोण्याच्या चवीत ते द्रव्य आहे का. उत्तर येईपर्यंत मी बाबांना बिनचवीचंच देणार. ओरडले तरी.

लोभ कमी करू नकोस.
एस्किल

मारस्टाल,
१ मार्च

चि. एस्किल यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस फणफणत होते. कालचा पोर मला माझा धंदा शिकवतो म्हणून. मग फोन केला.

अर्क बनवणाऱ्यांकडची बाई सरळ होती. म्हणाली, आमचे अर्क खाण्यासाठी आहेत, ओढण्यासाठी कुठल्याचीही हमी आम्ही देत नाही. बडीशेप तेलच आहे. रासबेरीत तेल नाही, साखर नाही, ते द्रव्यही नाही. कॅरमेलमध्ये मात्र आहे. मग तिनेच मला विचारलं की तुमच्या कढईवर धुराडं आहे ना?

एस्किल, नाही. खिडकी आहे, आणि पाक थंडावू नये म्हणून ती मी बंद ठेवते. उकळत्या पाकात अर्क ओतताना तोंड कढईवरच असतं. तीस वर्षं.

सोमवारी छाती तपासून घेणार आहे. तोवर कॅरमेल बंद. गिऱ्हाइकांना सांगितलं, रासबेरी घ्या नाहीतर घरी जा. कॅरमेलची बाटली गटारात ओतू नकोस, घातक कचऱ्यात दे.

आत्या

थ्यूबोरॉन,
६ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांची कॉफी गार झाली. मग त्यांनी कपाटातली कॅरमेलची बाटली मागून घेतली आणि स्वतः कचराकेंद्रात देऊन आले.

आमचं असं ठरलंय: रासबेरी अगदी थोडी, तीही निर्धोक आहे असं मानून नाही, सिगरेटपेक्षा बरी म्हणून. दर खेपेला चव कमी करायची, मग निकोटिन, मग यंत्रच बंद. बाबा म्हणाले की तोवर तू मला जेलरसारखा छळणार. मी हो म्हटलं.

गुरुवारच्या फेरीबोटीने ते तुझ्याकडे येत आहेत. बोटीच्या इंजिनघरातला जुना पंखा, पत्र्याची नळी आणि ड्रिल घेऊन. तुझ्या भिंतीला भोक पडेल, कुरकुर करू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते आधी त्यांना सांग, मला नंतर. पंखा लागेपर्यंत कढई पेटवायची नाही, असं त्यांनी मला तुला लिहायला सांगितलंय, आणि आवाज चढवून सांगितलंय. बऱ्याच दिवसांनी तो आवाज चढला आणि मध्ये खोकला आला नाही.

तुम्हा दोघांचा,
एस्किल