मयताची गाडी म्हणे

१२ नोव्हेंबर १९७८
गाडी आली एकदाची. देवळाली कॅम्पातल्या एका रिटायर्ड मेजरसाहेबांची अँबॅसिडर. दुधी रंग, मागची सीट ऐसपैस. कॉलनीतली पहिली मोटार, त्यामुळे दारात जत्रा. शेजारच्या पगारेवहिनींनी विचारलं, बाई, नारळ नाही फोडला? म्हटलं, दीक्षा घेतलेल्या माणसांना नारळ कशाला, चहा घ्या. चहा प्यायल्या आणि जाताना पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून गेल्याच. मी ते उचललं, धुतलं, संध्याकाळी सरबत केलं. हे म्हणाले, कशाला कुणाला दुखवतेस. ह्यांना सगळ्या जगाचं दुखणं दिसतं, बायकोचं सोडून.

३ डिसेंबर
ओझरला फॅक्टरीत ह्यांचे जे साहेब आहेत, त्यांच्या मुलीचं लग्न. गंगापूर रोडला मोठा मांडव. गेटवरच्या माणसाने गाडी अडवून ह्यांना सांगितलं, बाईंना इथे उतरवा, ड्रायव्हर लोकांनी गाड्या मागे लावायच्या. आणि हे गेले की मागे! गाडी लावली, तिथल्या ड्रायव्हरांबरोबर तंबाखू मळली, मग सावकाश आले. मी तोवर मांडवाच्या दारात उभी, अंगाची नुसती लाही लाही. येताना म्हणतात, त्याचं काय चुकलं, आपल्यासारख्यांकडे मोटार त्याने पाहिलीच नसेल. मग दाखवायची होती!
ह्यांना सफारी शिवायला टाकू का? पण कापडाचा प्रश्न असता तर...

१८ फेब्रुवारी १९७९
लग्नसराई. गाडी आमची की कॉलनीची, कळत नाही. आज तिसऱ्या गल्लीतल्या नवरदेवाची वरात. काल हळदीला पाहुणे आणायचे होते. काचेवर डिंकाने फुलं चिकटवतात, ती खरवडायला मी. नाही म्हणायला ह्यांची जीभच वळत नाही. मी चिडले तर म्हणाले, अगं, आपल्या पोरांना घोड्यावर बसू देत नव्हते गावात, आता मोटारीत बसतात, बघायला बरं वाटतं. पुढच्या खेपेला डिंकाऐवजी दोरा वापरा म्हणून सांगितलं.

२२ जुलै
पगारेंचे वडील दुपारी हॉस्पिटलात वारले. टेम्पोवाले मयत न्यायला तयार होईनात. हे नुकते जेवायला बसले होते. ताट सरकवून उठले. म्हाताऱ्याला मागच्या सीटवर घेतलं, डोकं पगारेंच्या मांडीवर, आणि घरी आणलं. पगारे ह्यांचे हात धरून रडले. म्हणाले, काशिनाथभाऊ, सख्खा भाऊ करणार नाही ते केलंत.
सीटवरची चादर मी धुवून टाकली. आज ह्यांच्यावर अजिबात चिडले नाही. अभिमान वाटला, तो लिहून ठेवते, कारण तोंडावर सांगणं जमणार नाही.

७ ऑक्टोबर
आता कॉलनीत कुणी दगावलं की पहिला निरोप आमच्याकडे. मागच्या ओळीतल्या आजीबाई. मग कॅम्पातल्या एका जवानाची आई, तिला तर आम्ही ओळखतही नव्हतो. आज पुन्हा. ह्यांचा रविवार गेला. ताटातला भात तसाच राहिला.

९ डिसेंबर
पगारेंच्या धाकट्या भावाचं लग्न. आठवडाभर मांडव. ह्यांनी काल गाडी धुतली, पुसली, काचा चमकवल्या, बोलावणं आलं की निघायचं म्हणून सफारी घालून बसले. सकाळी पगारेंच्या दारात पंचवटीहून भाड्याची गाडी येऊन उभी, फुलं लावलेली. मी सरळ जाऊन विचारलं. पगारेवहिनी आधी इकडे तिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, राग मानू नका. आम्ही काही मानत नाही. पण नवरीकडच्यांच्या कानावर गेलंय. ते मयताची गाडी म्हणतात.”
मयताची गाडी! कुणाच्या मयताची? तुमच्याच सासऱ्याचं मयत ना ते? विचारलंच मी. चारचौघांत. वहिनी आत निघून गेल्या.
हे तसेच सफारीत लग्नाला गेले, चालत. अक्षता नव्हत्या, फुलं होती, ती टाकली, जेवले, आले. मी गेले नाही.

१० डिसेंबर
शाळेतही माझं लक्ष नव्हतं. चौथीच्या वर्गावर उगाच ओरडले. नाव कुणी पाडलं ते शोधून काढायला हवं, असं सारखं वाटत होतं. मग वाटलं, शोधून काय करणार. सगळ्यांच्या तोंडी झालंय. पोरं खेळताना म्हणतात, चेंडू मयताच्या गाडीखाली गेला. सहज म्हणतात, वाईट बुद्धीने नाही, म्हणून तर जास्त लागतं.
ह्यांना सांगितलं, आता कुणाचंही मयत न्यायचं नाही. मान डोलावली. मान काय, डोलवायलाच असते.

वैशाखी पौर्णिमा, १९८०
सगळी कॉलनी लेण्यांवर वंदनेला. एक टेम्पो केला होता. त्यात माणसं अशी कोंबलेली की बाया एकमेकींच्या मांडीवर. मागे आमची अँबॅसिडर, आत आम्ही दोघं. ह्यांनी टेम्पोजवळ जाऊन म्हटलं, म्हाताऱ्या माणसांनी तरी इकडे बसा, ऊन आहे. कुणी म्हणालं, राहू द्या भाऊ, मजा येते. कुणी म्हणालं, जवळच तर आहे. खरं काय ते कुणीच बोललं नाही. वर जाऊन बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या सगळ्यांनी. मी पगारेवहिनींच्या तोंडाकडे बघत होते. एकही शब्द चुकला नाही.
आणि गेल्या महिन्यात रात्रपाळीहून आलेल्या ह्यांना मयतासाठी उठवून कोण घेऊन गेलं होतं? ह्याच लोकांतले. तेव्हा ऊन, लांब, जवळ काही नव्हतं. कामापुरता मामा.

१९ ऑक्टोबर
लेकीला, नंदाला, बाळंतपणाला आणायला नामपूरला गेलो. पहिली खेप माहेरी. सटाण्याच्या पुढे रस्ता खराब, हे इतकी सावकाश चालवत होते की बैलगाडी पुढे गेली असती.
नामपुरात मात्र नवल. कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्यांनी बाजूला होऊन वाट दिली. चौकात विचारत होते, कोणते साहेब आले? नंदाच्या सासूबाईंनी सगळ्या आळीदेखत दार उघडलं, “मी पुढेच बससू,” म्हणाल्या आणि स्टँडपर्यंत चक्कर मारून आल्या. व्याही अहिरे गुरुजी बॉनेटवर हात ठेवून उभे. म्हणाले, काशिनाथराव, समाज पुढे चालल्याची ही खूण आहे. गुरुजी सगळीकडे भाषण करतात, दारातसुद्धा. पण मला आवडलं. हे तर वरातीच्या दिवसांत हसायचे तसे हसले. किती महिन्यांनी.
तीच गाडी. शंभर मैलांच्या आत मयताची ती साहेबाची होते.

९ जानेवारी १९८१
नंदाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सकाळी हे पहिल्या पाळीला गेले होते, तेव्हा मी तिला रिक्षानेच नेलं. नाक आमच्याकडचं आहे.

१४ जानेवारी
बाळ घरी आलं. ह्यांनी रिक्षा आणली होती. गाडीची बॅटरी उतरली म्हणाले. हलली फार रिक्षा, मी बाळाचं डोकं हातात धरून बसले होते.

२५ जानेवारी
गुरुजी नात बघायला आले. दोन तास पगारेंच्या ओट्यावर गप्पा मारत बसले होते, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, असं लिहिणार होते, पण पाल मी मानत नाही. चहा घेताना म्हणाले, मार्चमध्ये सूनबाईला न्यायला आम्ही जीप करून येऊ, तुम्ही त्रास घेऊ नका. ह्यांनी सांगितलं, मी सोडतो की, रजा टाकलीय. मग आडून आडून निघालं. नंदाच्या सासूबाईंच्या कानावर आधीच गेलंय. त्या म्हणतात, गाडी चांगली शे, पन लोके काय म्हनतीन.
मला राहवलं नाही. म्हटलं, गुरुजी, मागच्या महिन्यात सटाण्याला अंधश्रद्धेवर भाषण कुणी केलं?
म्हणाले, “विहीणबाई, माझा विश्वास नाही. पण उद्या बाळाला साधं पडसं झालं, तरी गाव तुमच्या गाडीचं नाव घेईल. ते मी किती जणांना समजावू?”
एकाला समजावा. स्वतःला. हे मी मनात नाही, तोंडावर म्हटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! नंदा आतून ऐकत होती. हे उठून नातीचं दुपटं बदलायला गेले, जे त्यांना येत नाही.

४ फेब्रुवारी
बाळाला सकाळपासून ताप. अंग चटके देत होतं. ह्यांना म्हटलं, गाडी काढा. हे चप्पल घालून धावत नाक्यावर गेले आणि रिक्षा घेऊन आले. पुन्हा बॅटरी म्हणे. डॉक्टरांनी औषध दिलं, दुपारी ताप उतरला, घाबरण्यासारखं नाही म्हणाले.
परत आल्यावर मी चावी घेतली आणि गाडीत जाऊन बसले. ह्यांना रोज बघून चावी कशी फिरवायची ते मला माहीत आहे. पहिल्या झटक्याला सुरू झाली.
हे दारात येऊन उभे. मी एवढंच विचारलं, तुम्हीसुद्धा?
म्हणाले, “मी शुभ-अशुभ मानत नाही. पण त्या सगळ्यांना मीच आणलंय. आरशात बघतो तेव्हा मागच्या सीटवर मला ती माणसं दिसतात. तिथे आपल्या बाळाला कसं ठेवू?”
लोकांशी भांडायला तयार होते, ह्यांच्याशी काय भांडू? बाकीच्यांनी फक्त नाव ठेवलं, उचललं ह्या एकट्या माणसाने. आणि ते ओझं ह्यांच्यावर टाकून सगळे हात झटकून मोकळे. इतका संताप आयुष्यात आला नव्हता. स्वयंपाक केला नाही. नंदाने पिठलं टाकलं.

५ मार्च
ह्यांनी आपणहून गाडी धुतली. मागच्या सीटला नवी कव्हरं, नंदाने कापड निवडलं, निळ्या फुलांचं. बाळाला घेऊन नंदा दुपारी गाडीत जाऊन बसली, नुसतीच, दारातल्या दारात. ह्यांना म्हणाली, बाबा, आरशात बघा. हे पुढे बसले, बघितलं. मी खिडकीतून पाहत होते. काय दिसलं ते विचारलं नाही.
नंदा म्हणते मी बाबांच्याच गाडीने जाणार. सासऱ्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. हे हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

१५ मार्च
स्वयंपाकघरात बसून लिहितेय. बाहेरच्या खोलीत पाहुणे आहेत, त्यांच्यासमोर बसवत नाही.
सकाळी दहाला गुरुजी आणि विहीणबाई जीप घेऊन आले. नंदाने त्यांच्या पाया पडून सांगितलं, तुम्ही जीपने पुढे चला, मी बाळाला घेऊन बाबांबरोबर येते. गुरुजींचा चेहरा उतरला. विहीणबाई म्हणाल्या, “आम्ही नही मानतस, पन लोके...” पुढचं वाक्य नंदाने पुरं होऊ दिलं नाही. लोकांना मी सांगेन म्हणाली. माझी पोर. ह्यांनी चावी हातात घेतली होती, खरंच घेतली होती, आणि बाळाची पिशवी मागच्या सीटवर ठेवली होती.
तेवढ्यात पगारेवहिनी धावत आल्या. पगारेंच्या छातीत कळ आली, घामाघूम झालेत, डोळे फिरवतात. दारात जीप उभी, ड्रायव्हर आत बसलेला. तिच्याकडे ढुंकूनही न बघता, तिला वळसा घालून त्या ह्यांच्याकडे आल्या. भाऊ, गाडी काढा.
मी म्हटलं, जीप आहे ना, घेऊन जा. गुरुजी म्हणाले, जीप शुभकार्याला आणलीय, बाळ बसायचंय. सगळ्यांसमोर म्हणाले. आता मानत नाही असंही म्हणाले नाहीत.
मी गाडीच्या दाराशी आडवी उभी राहिले. ह्यांना म्हटलं, आजचा एक दिवस तरी नाही म्हणा. बाळाची पिशवी मागे ठेवलीय तुम्ही.
म्हणाले, “अगं, ते जिवंत आहेत अजून.”
पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि गेले. पगारेंना दोघांनी उचलून निळ्या फुलांवर निजवलं. वहिनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी नजर काढली नाही.
नंदाने सांगून टाकलंय, बाबा आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. बाळ झोपलंय. गुरुजी घड्याळ बघतात. जीपवाला दोनदा विचारून गेला.
दीड वाजला. पगारे चालत घरी यावेत असं मला वाटतंय, अगदी मनापासून वाटतंय. ते पगारेंसाठी वाटतंय की गाडीसाठी, हे आज मला कुणी विचारू नये.
आता कोपऱ्यावर आवाज आला. आपलीच आहे. सावकाश येतेय, पण हे नेहमीच सावकाश चालवतात.