ट्रकचं सस्पेन्शन आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च, सोमवार

आजपासून रागावणं बंद. कालचा प्रकार लिहितो आणि विषय संपवतो.

मुलीच्या वाढदिवसाला रिमोटचा ट्रक आणला. मैदानावर पहिल्याच उंचवट्यावर उलटा. मेहुण्याचा ट्रक टणाटण उड्या मारत पुढे. मेहुणा हसला. मुलगी म्हणाली, बाबा, आता मी चालवते. म्हटलं, थांब, आधी सस्पेन्शन सेट करू दे. दोन दिवसांचं काम.

सोळा तारखेला रिमोटच्या गाड्यांच्या क्लबची शर्यत आहे. चालवायचं मुलांनी. ट्रक उलटला की घरातल्या मोठ्या माणसाने धावत जाऊन सरळ करायचा. नाव दिलंय. मेहुणा बघायला येणार. त्याच्या देखत जिंकायचं, नाक ठेचायचं.

५ मार्च, बुधवार

चाकांच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल बदललं. पातळ तेलाने चाकं थडथड उडतात म्हणे. मी दुकानातलं सगळ्यात घट्ट घातलं. अर्धवट कामं मला जमत नाहीत. आता चाकं हलतच नाहीत. तेल भिकार. दुकानदार त्याहून.

जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात. बाकीचे खाली बसून जेवले. बायकोने विचारलं, पोरीच्या हातात ट्रक कधी येणार? काम चालू असताना प्रश्न नकोत, असं शांतपणे सांगितलं. शेजाऱ्यांनी खिडकी का लावून घेतली, कळलं नाही.

७ मार्च, शुक्रवार, सकाळी

स्क्रू गायब! घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ. मुलीला फैलावर घेतलं. म्हणजे समजावलं. ती शाळेत न खाता गेली. नखरे.

संध्याकाळी

स्क्रू माझ्या शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत निघाला. तिथे कसा गेला, याची चौकशी व्हायला हवी.

९ मार्च, रविवार

सरावाला गेलो. काल रात्रीच ट्रकची जमिनीपासूनची उंची पट्टी लावून अचूक बसवली होती. मैदानात ठेवला आणि पोट टेकलं. फरफटत चालला. का? तर उंची मोजताना बॅटरी आत नव्हती. ट्रकमधली सगळ्यात जड वस्तू! ती चार्जिंगला लावली होती. मी. पण घरात दोन माणसं आहेत. एकीने तरी आठवण करावी?

मेहुणा म्हणतो, दाजी, मी बघू का? बघू का म्हणजे? स्वतःला समजतो कोण! सांगितलं, हात लावलास तर याद राख. मुलगी नुसता रिमोट धरून उभी होती. काढून घेतला. उगाच एखादं बटण फिरवून ठेवायची.

१२ मार्च, बुधवार

मऊ स्प्रिंगा घातल्या. ट्रक वळणावर डुलतो. पुन्हा कडक घातल्या. मुलगी दारात येऊन म्हणाली, एकदाच चालवू द्या ना, मला सराव कुठे आहे? मुद्दा बरोबर होता, वेळ चुकीची होती. तेवढ्यात स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. मग मी जे बोललो ते स्प्रिंगला बोललो. तिने स्वतःवर का ओढून घ्यावं?

१५ मार्च, शनिवार

जमलं! मध्यम घट्ट तेल, मागे मऊ स्प्रिंग, बॅटरीसकट उंची. विटेवरून सोडला तर मांजरासारखा चार पायांवर. मीच टाळ्या वाजवल्या. मुलीला हाक मारली. अभ्यास आहे म्हणाली. शनिवारी?

उद्या रिमोट तिच्या हातात देणार. कृतज्ञता वगैरे अपेक्षित नाही, पण असावी.

१६ मार्च, रविवार

सुरुवातीच्या रेघेपाशी रिमोट तिच्यापुढे धरला. तिने हात मागे घेतले. नको म्हणाली. का, तर ट्रक उलटला की तुम्ही रागावाल.

मी म्हटलं, मी रागावत नाही. थोडं मोठ्यांदा म्हटलं असेन, कारण माइकवर नावं पुकारणारा थांबला आणि सगळं मैदान आमच्याकडे बघायला लागलं.

मुलाशिवाय ट्रक उतरवता येत नाही. मेहुण्याने गाडीतून स्वतःचा ट्रक काढला, तिला विचारलं, येतेस? ती गेली. आमच्या जागी ते दोघं.

काय चालवलं! दर वळणावर उलटा. दर वेळी मेहुणा पोट सावरत धावायचा, सरळ करायचा, एकदा स्वतःच आपटला. ओरडला मात्र नाही. सगळ्यात शेवटी आले. पोरगी हसून हसून खालीच बसली. घरात तिला इतकं हसताना मी कधी पाहिलेलं नाही.

मी ट्रक मांडीवर घेऊन बाकावर बसलो होतो. चाक दाबून बघितलं. दबलं, अलगद वर आलं. सेटिंगमध्ये काही चूक नाही. फार वाईट वाटलं. राग कुणावर काढायचा, तेच कळेना.