अठ्ठावन्न किलो

प्रिय ठमे,

पायाची सूज उतरली आहे. गोळ्या वेळेवर घेतो. लिहायला बसण्यापूर्वी गॅस बंद आहे का तेही दोनदा पाहून आलो. माझी काळजी वेगळीच आहे. काल दादाने फोनवर सांगितलं, की येत्या सोमवारी तू कंपनीत सगळ्या वरिष्ठांपुढे उभी राहून म्हणणार आहेस, चूक माझ्या ड्रायव्हरची, आणि तीन वर्षांचं काम मागे घेणार आहेस.

तू खाट बसवायला आलीस तो दिवस आठवतो. चार पायांखाली चार चकत्या लावल्यास. चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले मी, पण मला वाटलं, खाट डुगडुगते म्हणून लावते आहे पोरगी! मग सातवी शिकलेल्या बापाला कळेल असं तू सांगितलंस, की या चकत्या खाटेवरचं वजन मोजतात. यंत्राशी थेट बोलायची परवानगी फक्त ड्रायव्हरला, म्हणजे तू लिहिलेल्या त्या एका प्रोग्रामला. बाकीचे प्रोग्राम बाहेर थांबणार. ड्रायव्हर आतून वजन घेऊन एका छोट्या फाईलीत आकडा ठेवणार. तो वाचायची मुभा सगळ्यांना, बदलायची कोणालाच नाही. मला लगेच पटलं. आपल्या काट्याचंही तसंच होतं. आत हात घालायचा तो मी, वरून सील, आणि आकडा गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर.

पण इथे गिऱ्हाईक तुझा दादा निघाला. त्याने करून घेतलेला प्रोग्राम तुझी फाईल दर मिनिटाला वाचतो. मला चक्कर आल्यापासून डॉक्टरांनी दुपारी एक ते चार पडून राहायला सांगितलंय ना, त्या वेळात दहा मिनिटांवर खाट रिकामी दिसली की फोन वाजलाच. “बाबा, कुठे भटकताय? पडलात म्हणजे कोण धावणार?” एकदा खिडकीशी उभा राहून समोरच्या सुताराशी बोलत होतो, तर सूनबाईचाही फोन. सुतार हसून म्हणाला, “काका, तुम्हाला जामिनावर सोडलंय की काय?” मी हसलो, पण रात्रभर ते मनातून जाईना. पुन्हा असं झालं तर नवव्या मजल्यावर आपल्या घरी नेईन, असं दादाने बजावलं. तिथे मी कोणाशी बोलणार? खाली बघितलं तरी डोळे फिरतात. तुला हे कधी सांगितलं नाही. तू एवढ्या मायेने केलेली वस्तू, तिची तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

मग तो दिवस आला. न्हाणीघरात घसरलो, पाय दारात अडकला, दार उघडेना. एक वाजून गेला होता. फोन खाटेशेजारी. आता वाजेल, मग वाजेल, म्हणून कान लावून पडलो होतो. ज्या फोनला इतके दिवस शिव्या घातल्या, त्याचीच वाट बघत होतो. तो वाजला नाही. सहा वाजता सुताराने दार उचकटलं.

तू नोंदी तपासल्यास. पाच तास अठ्ठावन्न किलो, तसूभर हललेलं नाही. माणूस श्वास घेतो तेव्हा आकडा थरथरतो, म्हणून तू ठरवलंस की ड्रायव्हर अडकला आणि जुनाच आकडा देत राहिला. तीन आठवडे तीच चूक शोधते आहेस. जेवत नाहीस म्हणे.

ती सापडणार नाही, बाळ. आकडा खरा होता. खाटेवर पाच तास अठ्ठावन्न किलोच होते. दहाची पाच, एक पाचाचं, एक दोनाचं, एक किलोचं. दुकान बंद केलं तेव्हा ठेवून घेतलेली माझी लोखंडी वजनं. त्याआधी चार दुपारी मी ती पांघरुणाखाली झोपवून सुताराकडे तासभर बसून आलो होतो. पाचव्या दुपारी निघण्यापूर्वी न्हाणीघरात गेलो. सुताराने मला उचलून खाटेवर ठेवायला पांघरूण ओढलं आणि म्हणाला, “काका, हे कोणाला झोपवलंय?” मी त्याला शपथ घालून वजनं खाटेखाली लपवायला लावली. तुम्ही सगळे आलात तेव्हा तू माझा पाय धरून रडत होतीस, माझं चुकलं बाबा म्हणत होतीस, आणि मी गप्प पडून राहिलो. आयुष्यात कोणाच्या काट्यात खोट ठेवली नाही, आणि पोरीला खोटं ठरू दिलं.

फोनवर सांगितलं असतं, पण तू रडायला लागलीस की मी पुन्हा शब्द फिरवीन. म्हणून लिहिलं. आज मंगळवार आहे, शुक्रवारपर्यंत पोचेल. हे दादाला दाखव, तुझ्या वरिष्ठांनाही दाखव. नवव्या मजल्यावर न्यायचं तर न्या. सुतार पत्र टाकायला निघालाय, दारात उभा आहे. मी मागून हाक मारली तरी वळायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलंय.

तुझाच,
बाबा