आमच्या खोलीचा रंग

मी, शिवक्कोळुंदु नल्लतंबी, वय चौऱ्याहत्तर, मूळची श्रीलंकेतल्या मन्नारची, गेली चौतीस वर्षं तमिळनाडूतल्या या निर्वासित छावणीत राहणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझं सगळं शाबूत आहे.

१. राहती खोली सरकारची, ती मला देता येत नाही. दारातलं ताडाचं झाड मात्र मी लावलेलं. इथे आलो त्याच वर्षी बी पुरलं तेव्हा शेजारची रासमलर हसली होती. "अक्का, ताडाला फळ धरायला पंधरा वर्षं लागतात. आपण पोंगलला घरी असू!" गेली अठरा वर्षं ती त्याचे ताडगोळे खाते आहे. पुढेही खावेत, पण दर वेळी हे वाक्य मोठ्याने म्हणून.

२. इडिअप्पमचा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवयांचा, पितळी साचा मी होडीतून मांडीवर धरून आणला. इडिअप्पम विकून घर चाललं, नात धर्मिका पदवीधर झाली. तो सून पुवनेश्वरीला.

३. मुलगा वसीकरन अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची घरं रंगवतो. घाम त्याचा, कंत्राट भलत्याचं. धर्मिका त्याच्या मागे लागली आहे, "अप्पा, आपणच कामं घेऊ. माणसं तुम्ही आणा, कागदपत्रं मी बघते." तो म्हणतो, "पुढच्या वर्षी परत जायचंय. पसारा कशाला?" याच कारणाने आमची खोलीही त्याने कधी रंगवली नाही. त्याला बोल लावत नाही. हे वाक्य त्याने माझ्याकडूनच उचललं. परत जायची ट्रंक इतकी वर्षं भरून मीच ठेवली.

मन्नारच्या जमिनीचा कागद त्याला द्यावा, पण आधी त्याने ही खोली रंगवावी, आणि ते धर्मिकाचं पहिलं काम धरावं. मग जायचं तर जा, राहायचं तर राहा. नुसती वाट बघत बसू नका.

४. ट्रंक मी आज रिकामी केली. त्यातल्या साड्या मी नेसणार आहे. वाटणीत धरू नयेत.

सही: शिवक्कोळुंदु
साक्षीदार: अरुळप्पन मास्तर, रासमलर तंगरासा (ताडगोळ्यांचं वाक्य नामंजूर)
स्थळ: छावणी, खोली क्रमांक ४७
दिनांक: १२ जून २०२४

तळटीप: दुसऱ्या पानावरचा पिवळा डाग खाडाखोड समजू नये. तो वसीकरनच्या अंगठ्याचा आहे. त्याने हे चोरून वाचलं. आत्ता म्हणतोय, "अम्मा, उठा. हा पिवळा चालेल का, उजेडात बघून सांगा." धर्मिका कामांची नवी वही पुढे करून उभी आहे. "आजी, तुम्ही पहिलं गिऱ्हाईक. इथे सही करा."

केली. आजची ही माझी दुसरी सही.